भाषेची पदवी आणि शांत परिसर : चांदूर रेल्वेतील एका घराचा निर्णय

चांदूर रेल्वे येथील एका कापड व्यापाऱ्याच्या घरी पर्युषणात घडलेला प्रसंग आहे. संवत्सरी प्रतिक्रमण आटोपून मंडळी घरी परतली, एकमेकांना खमतखामणा झाला, आणि बारावीत शिकणाऱ्या नातीने आजोबांना विचारले, "दादाजी, आपण आज जी सूत्रे म्हटली त्यांतल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ काय?" सूत्रे तिला वयाच्या आठव्या वर्षापासून मुखोद्गत होती. दादाजींनी भावार्थ सांगितला. तो तिलाही ठाऊक होता. तिला हवे होते ते निराळेच : या ओळीत क्रियापद कोणते, हा प्रत्यय कशाचा, हाच शब्द मराठीत कोणत्या रूपाने उरला आहे. दादाजी काही वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "बेटा, एवढे आम्हाला कोणी शिकवलेच नाही."

पुढच्या वर्षी निकाल लागला. वाणिज्य शाखेत गुण चांगले पडले होते. थोरला भाऊ सी.ए.च्या परीक्षा देत होता, तेव्हा धाकटीही त्याच वाटेने जाणार हे घराने गृहीत धरले होते. मुलीने शांतपणे सांगितले की तिला भाषा विषयात पदवी घ्यायची आहे. त्यानंतर घरात जे बोलणे झाले ते समाजातील अनेक घरांत थोड्याफार फरकाने होत असल्यामुळेच येथे सविस्तर मांडावेसे वाटते.

वडिलांचा पहिला प्रश्न सरळ होता. "भाषा तर आपल्याला येतातच. त्यासाठी तीन-चार वर्षे कशाला?" या प्रश्नात तथ्य नव्हते असे नाही. वऱ्हाडातील व्यापारी घराइतक्या भाषा बोलणारी घरे थोडीच सापडतील. घरात मारवाडी, गल्ल्यावर वऱ्हाडी, सुरत-अहमदाबादच्या आडत्यांशी गुजराती मिसळलेली हिंदी, शाळेत पुस्तकी मराठी आणि जी.एस.टी.च्या कागदांवर इंग्रजी. गिऱ्हाईक उंबऱ्यावर आले की त्याच्या पहिल्या वाक्यावरून त्याचे गाव ओळखणारे दुकानदार चांदुरात आजही आहेत. परंतु याच घराच्या माळ्यावर पणजोबांच्या लाल कापडात बांधलेल्या बह्या आहेत. त्या मुडिया अक्षरांत लिहिलेल्या. मात्रा गाळून, वेगाने लिहिलेले ते व्यापारी वळण आज घरातील एकालाही वाचता येत नाही. कोणाकडून किती येणे होते, कापूस कोणत्या भावाने गेला, दुष्काळाच्या वर्षी कोणाचे व्याज सोडले, हे सारे त्या पानांत आहे आणि घराला ते मुके आहे. मुलीने वडिलांपुढे वाद न घालता एक बही आणून ठेवली. वडील बराच वेळ पाने उलटत बसले.

विषयाला संमती मिळाली, पण संस्थेचा प्रश्न उरलाच, आणि खरी ओढाताण तेथे झाली.

पुण्याला भुवाजी राहतात. भाचीने आपल्याकडे यावे, घरचे जेवण मिळेल, मोठ्या शहरात चार गोष्टी शिकेल, असा त्यांचा आग्रह होता आणि तो मनापासूनचा होता. पुण्याच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संस्कृत आणि प्राकृत भाषांचा स्वतंत्र विभाग आहे. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत प्राकृत भाषांच्या बृहत्कोशाचे काम कित्येक वर्षे चालू आहे. प्राकृतात पुढे संशोधन करू इच्छिणाऱ्याला पुण्याची पायरी कधीतरी चढावीच लागेल. तथापि हे सारे पदवीनंतरचे होय. पदवीच्या वर्गातील सतरा-अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला पुण्यात येते ते सहसा भरलेले वर्ग, दिवसाचे दोन-तीन तास खाणारा प्रवास आणि भोवती सतत चाललेली स्पर्धा परीक्षांची धावपळ. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला त्या धावपळीचा लाभ होतो. पेढ्या, कंपन्या, उमेदवारी सारे तेथेच आहे. भाषेच्या विद्यार्थ्याचे भांडवल निराळे. त्याला बसून वाचायला सलग वेळ हवा, जवळ ग्रंथालय हवे, शंका आल्यास गाठता येतील असे शिक्षक हवेत, आणि जी भाषा शिकायची ती कानावर पडत राहील अशी माणसे हवीत.

या कसोटीवर विदर्भाकडे पाहिले तर घराजवळच चार पर्याय निघतात, आणि ते फारसे कोणी मोजत नाही.

अमरावतीचे संत गाडगे बाबा विद्यापीठ १९८३ चे. त्याच्याशी संलग्न महाविद्यालये तर चांदूर-धामणगावपर्यंत आहेत. रामटेकला १९९७ पासून कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ आहे. रामटेकचे शांतिनाथ दिगंबर जैन मंदिर समाजाला परिचित आहे. यात्रेला जाणाऱ्या किती कुटुंबांनी त्याच गावातील विद्यापीठाचे फाटक ओलांडले असेल, हे ज्याचे त्याने आठवावे. तिसरे स्थान रिद्धपूर. महानुभाव पंथाचे हे क्षेत्र. म्हाइंभटांचे लीळाचरित्र, मराठीतील आद्य गद्यग्रंथ, तेराव्या शतकात या परिसरात सिद्ध झाले. तेथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापण्याचा कायदा राज्य विधिमंडळाने २०२३ मध्ये केला आणि २०२४ मध्ये डॉ. अविनाश आवलगावकर हे त्याचे पहिले कुलगुरू झाले. (रिद्धपूर चांदूरपासून जवळ आहे असे कोणी सांगितल्यास ते चांदूर बाजार समजावे. आपले चांदूर जिल्ह्याच्या दुसऱ्या अंगाला. दोन चांदुरांच्या घोळात पूर्वी मालाच्या बिल्ट्यादेखील भलतीकडे जात.) ज्याला मराठीचेच अध्ययन करायचे आहे त्याने रिद्धपूरचा विचार अवश्य करावा. मात्र नव्या संस्थेत पहिल्या तुकड्यांना घडी बसेपर्यंत थोडे सोसावे लागते, ही तयारी ठेवावी.

चौथा पर्याय वर्धा, आणि या घराने अखेर तोच निवडला.

वर्ध्याचे महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय हे केंद्रीय विद्यापीठ. जानेवारी १९७५ मध्ये नागपूर येथे पहिले विश्व हिंदी संमेलन भरले होते. वर्ध्याला असे विद्यापीठ असावे हा ठराव तेथला. तो प्रत्यक्षात यायला बावीस वर्षे लागली. संसदेचा कायदा १९९६ चा आणि विद्यापीठाची स्थापना १९९७ ची. शहराबाहेर टेकड्यांवर त्याचा परिसर पसरला आहे. बाजारपेठ नाही, रहदारी नाही, सायंकाळी ऐकू येतात ते पक्षी. हिंदीबरोबर भाषाविज्ञान, अनुवाद आणि काही परदेशी भाषांचेही अध्ययन तेथे होते. विद्यार्थी उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, मध्य प्रदेश अशा अनेक प्रांतांतून येतात. याचा अर्थ असा की वऱ्हाडच्या मुलीला हिंदी केवळ वर्गात नव्हे, तर जेवणाच्या रांगेतही ऐकू येणार, आणि तीही दुकानातली 'मेरेको-तेरेको' नव्हे.

येथे दादाजींनी रास्त शंका काढली. मुलीची ओढ होती प्राकृताकडे, सूत्रांकडे. मग हिंदीची पदवी कशाला? या शंकेचे उत्तर समाजातील पुष्कळांना नवे वाटेल. हिंदी साहित्याचा इतिहास उघडला की प्रारंभीच्या भागात, ज्याला आदिकाल म्हणतात, विद्यार्थ्याला भेटतात ते जैन कवी. स्वयंभू, पुष्पदंत, जोइंदु, मुनी रामसिंह. प्राकृतातून अपभ्रंश आणि अपभ्रंशातून आजच्या देशी भाषा हा प्रवास त्यांच्या रचनांवाचून समजतच नाही. आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी या रचनांना धार्मिक ठरवून साहित्याच्या पंक्तीबाहेर ठेवले होते. आचार्य हजारीप्रसाद द्विवेदी यांनी त्याला ठाम हरकत घेतली, आणि महापंडित राहुल सांकृत्यायन यांनी तर स्वयंभूला हिंदीच्या आरंभीच्या कवींत अग्रस्थान दिले. वर्ध्याच्या विद्यापीठाचे ग्रंथालय याच राहुलजींच्या नावाचे आहे. पुष्पदंत राष्ट्रकूटांच्या मान्यखेट नगरीत राहिला. ते मान्यखेट म्हणजे कर्नाटकातील मळखेड; बडनेऱ्याहून येताना चांदूरच्या अलीकडे लागते ते आपले मालखेड नव्हे.

आणि या कवींची हस्तलिखिते उजेडात आली ती कोठे? कारंजा येथील शास्त्रभांडारांतून. कारंजा जैन ग्रंथमालेत गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात णायकुमारचरिउ, करकंडचरिउ, पाहुडदोहा हे ग्रंथ छापले गेले. त्यांचे संपादक डॉ. हीरालाल जैन अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते. काशी, मुंबई, कलकत्ता ही त्या काळातील विद्येची मोठी केंद्रे होती. परंतु षट्खंडागमावरील धवला टीका, जी शतकानुशतके मूडबिद्रीच्या ताडपत्रांत बंद होती, तिच्या मुद्रणाचे काम उभे राहिले ते अमरावतीत. पहिला खंड १९३९ मध्ये निघाला आणि पुढील सुमारे वीस वर्षांत एकूण सोळा खंड पूर्ण झाले. त्यांचे सहकारी डॉ. आ. ने. उपाध्ये कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवीत. म्हणजे विसाव्या शतकातील जैन विद्येचे दोन आधारस्तंभ दोन मध्यम गावांतल्या महाविद्यालयांत बसून काम करीत होते. त्यांच्याकडे ग्रंथ होते, सहकारी पंडित होते, वेळ होता, आणि खर्चाला पुढे येणारे श्रीमंत श्रावक होते. यांतील शेवटची गोष्ट व्यापारी समाजाने विशेष लक्षात घ्यावी.

वर्ध्याच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे. शहरापासून काही किलोमीटरवर धाम नदीकाठी पवनारचा आश्रम आहे. जैनांच्या सर्व आम्नायांना मान्य होईल असा एक सारग्रंथ असावा ही कल्पना विनोबांची. तिच्यातून जिनेंद्र वर्णी यांनी संकलन केले, १९७४ मध्ये दिल्लीत संगीती भरली आणि ७५६ गाथांचे 'समणसुत्तं' सिद्ध झाले. विनोबांनी अन्नपाणी सोडून देह ठेवला तो १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दिवाळीच्या दिवशी, म्हणजे महावीर निर्वाणदिनी. दादाजींना हे सारे ठाऊक होते. प्रवेशाची चौकशी करायला कुटुंब वर्ध्याला गेले तेव्हा त्यांनी प्रथम पवनारला जाण्याचा हट्ट धरला, आणि तेथून परतल्यावर शंका काढणे थांबवले.

दादीजींची शंका मात्र अशा रीतीने मिटणारी नव्हती. त्या लहानपणापासून चौविहार पाळतात आणि नातही पाळत आली आहे. वसतिगृहांच्या भोजनालयात रात्रीचे जेवण सूर्यास्तानंतर असणे हीच सगळीकडची रीत. डिसेंबरात वर्ध्याला साडेपाच-पावणेसहाला सूर्य मावळतो, आणि त्या वेळी कित्येकदा वर्गही सुटलेला नसतो. कांदा, लसूण, बटाटा यांचे काय, हा प्रश्न वेगळाच. भुवाजींच्या घरी यांपैकी एकही अडचण नव्हती, हे दादीजींनी दोनदा बोलून दाखवले. या मुद्द्यावर घरात जितका वेळ गेला तितका शुल्कावर किंवा नोकरीवर गेला नाही, आणि ते योग्यच होते. मुलगी कोणत्या अटी पाळू शकेल आणि कोणत्या पाळण्याचा केवळ देखावा होईल, हे प्रवेशापूर्वी ठरवणे प्रामाणिकपणाचे. अखेर दादीजींनीच तोड काढली. कंदमूळ सदैव वर्ज्य. आठम, चौदस आणि पर्युषणात चौविहार. इतर दिवशी जेवढे जमेल तेवढे, पण जे होईल ते घरी खरे सांगायचे. खाखरे, शेव आणि मेथीचे लाडू यांचा डबा महिन्याला पोचवण्याची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली. वर्धा, हिंगणघाट, पुलगाव येथे समाजाची घरे आहेत. अशा विद्यार्थ्यांना तिथीच्या दिवशी सायंकाळचा डबा देण्याची व्यवस्था त्या त्या संघांनी मनावर घेतली तर पालकांचा फार मोठा भार हलका होईल.

पैशाचा हिशेब व्यापारी घराला समजावून सांगावा लागत नाही, तरीही एक गोष्ट नजरेतून सुटते. खासगी संस्थेतील महागड्या पदवीसाठी चार लाखांचे शैक्षणिक कर्ज घेतले आणि व्याजदर दहा टक्के धरला, तर दहा वर्षांच्या परतफेडीत महिना सुमारे ५,३०० रुपये हप्ता बसतो आणि एकूण सहा लाख चौतीस हजारांच्या घरात रक्कम जाते. शिक्षणाच्या काळात साचणारे व्याज वेगळे. भाषेच्या पदवीधराच्या पहिल्या पगारातून हा हप्ता जाणे कठीण. केंद्रीय विद्यापीठाचे शुल्क त्या मानाने हलके असते. पदवी कमी खर्चात पुरी करावी आणि कर्जाची पात्रता पदव्युत्तर शिक्षणासाठी राखून ठेवावी, हा शहाणपणाचा व्यवहार. कर्जावरील व्याजाची ८०-ई कलमाखालील वजावट आठ वर्षे मिळते, पण ती जुन्या करपद्धतीतच. नव्या पद्धतीत गेलेल्यांनी तिच्या भरवशावर गणित मांडू नये.

नोकरीच्या बाबतीत तर पुरेशी माहितीच समाजात नाही. राजभाषा अधिनियम १९६३ चा. त्याच्या कलम ३(३) प्रमाणे केंद्र सरकारचे आदेश, अधिसूचना, करार, निविदा ही कागदपत्रे हिंदी आणि इंग्रजी दोन्हींत काढावी लागतात. १९७६ च्या नियमांनुसार महाराष्ट्र 'ख' क्षेत्रात येतो. म्हणून प्रत्येक राष्ट्रीयीकृत बँकेत राजभाषा अधिकारी असतो. त्याची भरती आय.बी.पी.एस.च्या विशेषज्ञ अधिकारी परीक्षेतून होते. कर्मचारी निवड आयोग हिंदी अनुवादकांची परीक्षा घेतो. मात्र येथे एक अट आहे आणि तिच्यावर अनेकांची गाडी अडते. राजभाषा अधिकाऱ्यासाठी हिंदीची पदव्युत्तर पदवी तर हवीच, शिवाय पदवीच्या स्तरावर इंग्रजी हा विषय घेतलेला असला पाहिजे. संस्कृतात पदव्युत्तर पदवी घेणाऱ्याला पदवीला इंग्रजी आणि हिंदी दोन्ही हवेत. अठराव्या वर्षी विषय निवडताना इंग्रजी सोडले, तर तेविसाव्या वर्षी अर्ज भरताना ते परत मिळत नाही. चांदूरच्या मुलीने प्रवेश अर्जावर सर्वप्रथम कोणती जागा भरली असेल तर ती इंग्रजीची.

प्रवेशाची वेळही ध्यानात घ्यावी. केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी २०२२ पासून सी.यू.ई.टी. ही सामायिक परीक्षा आहे. कोणता अभ्यासक्रम तिच्यातून आणि कोणता विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रक्रियेतून भरला जाईल, हे त्या वर्षीच्या सूचनेत पाहावे. अर्जाची मुदत बारावीच्या निकालापूर्वीच संपते. या मुलीने घरी वाच्यता न करता हिवाळ्यातच शाळेतील हिंदीच्या बाईंच्या मदतीने अर्ज भरून ठेवला होता. वडिलांना हे उशिरा कळले आणि त्यांना ते लागलेही; पण अर्ज भरलेला नसता तर निवड करण्याजोगे काही उरलेच नसते.

शांत परिसराचे तोटेही आहेत आणि ते लपवू नयेत. शिकता शिकता चार पैसे मिळवण्याच्या संधी पुण्यात आहेत, टेकडीवर नाहीत. नाटके, व्याख्याने, पुस्तकांची दुकाने यांचा शेजार नाही. वर्ध्याचा मे महिना अंगाची लाही करतो. मोकळ्या वेळात मन रमवायला बाहेर काही नसल्यामुळे घरची आठवण अधिक येते. ज्या मुलाला माणसांच्या गर्दीत उत्साह वाटतो त्याला केवळ जवळ आहे म्हणून अशा ठिकाणी पाठवू नये; तो कंटाळेल आणि दोष भाषेला देईल. शिवाय वर्धा म्हणजे प्राकृत नव्हे. तीन-चार वर्षांनी पुणे किंवा राजस्थानातील लाडनूंची जैन विश्व भारती यांचे दार ठोठावावे लागणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीसोबत प्राकृतालाही अभिजात भाषेचा दर्जा दिला आहे. त्यातून अध्यापनाच्या जागा किती निघतील ते दिसेलच; परंतु जागा निघतील तेव्हा प्राकृत वाचू शकणारी तरुण मंडळी असली पाहिजेत, आणि ज्यांच्या घरी ती भाषा रोज उच्चारली जाते त्यांच्यातून ती आली तर आनंदच.

भुवाजी काही दिवस रुसल्या. नंतर त्यांनीच पुण्याहून एक प्राकृत व्याकरण धाडले आणि सोबत निरोप पाठवला की एम.ए.ला तरी आमच्याकडेच यायचे.

मुलगी आता वर्ध्याला असते. मुंबई-हावडा मार्गावरची प्रत्येक गाडी चांदुरात थांबत नाही, त्यामुळे थांबणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक दादीजींनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावून ठेवले आहे. धामणगाव, वर्धा नदीचा पूल, पुलगाव आणि मग वर्धा. डबा वेळेत पोचतो. पहिल्या सुट्टीत घरी आली तेव्हा तिने माळ्यावरील बह्यांपैकी एक सोबत नेण्याची परवानगी मागितली. वडील म्हणाले, "नेऊ नकोस, फोटो काढून ने. मूळ प्रत दुकानातून बाहेर जात नाही." दादाजींनी बही उन्हात धरली आणि बापलेकींनी मिळून एकेक पान टिपून घेतले. पहिल्या पानावरचे गावाचे नाव तेवढे तिघांना मिळून लागले. खालच्या आकड्यांपुढील माणसांची नावे अजून लागलेली नाहीत.